जेलची ड्युटी संपली तरी डोकं ड्युटीवरच

प्रश्न: तुरुंग रक्षकांना घरीही दाराकडे पाठ करून बसवत नाही, किल्ल्या खुळखुळल्या की दचकायला होतं. कशामुळे?

उत्तर १: आठ-बारा तास सतत सावध राहिलेलं शरीर लगेच सैल पडत नाही. त्यात पाळ्या रात्र-दुपार-सकाळ अशा उलट्या लावल्या की झोपेचा बोऱ्या वाजतो. सकाळ-दुपार-रात्र हा क्रम त्यातल्या त्यात झेपतो. झोपेआधी 6 तास चहा-कॉफी नको.

उत्तर २: गणवेश, बूट कामावरच उतरवा. पण खरी मेख पुढेच आहे: कैद्याने गळफास घेतला की अहवाल तासाभरात मागतात, दोर कापणाऱ्याला विचारत कोणी नाही!

उत्तर ३: खरंय. मात्र लगेच सगळ्यांना बसवून सक्तीने बोलतं करू नका, त्याने कधीकधी त्रास वाढतो. महिन्यानंतरही तेच दृश्य दिसत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा.