विषय: भाच्यासाठी सल्ला हवाय, सहा महिन्यांची इंटर्नशिप की पक्की नोकरी?

प्रेषक: हॅरोची मावशी, मंगळवार रात्री

मंडळी नमस्कार,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हे मध्येच घुसवतेय, सांभाळून घ्या. माझा भाचा नाशिकचा, इथे लंडनला एमएससी फायनान्स करतोय, सप्टेंबरात कोर्स संपतोय. त्याच्या हातात दोन ऑफर आहेत आणि घरात रोज व्हिडिओ कॉलवर भांडणं. एक ऑफर मेफेअरमधल्या छोट्या बुटीक बँकेची, एम अँड ए (कंपन्यांची खरेदी-विक्री, विलीनीकरण) मध्ये ऑफ-सायकल, म्हणजे उन्हाळा सोडून इतर वेळची इंटर्नशिप, जानेवारीपासून ६ महिने, पुढे ठेवतील का विचारलं तर म्हणे परफॉर्मन्स आणि हेडकाउंट बघून ठरेल. दुसरी कॅनरी व्हार्फच्या मोठ्या बँकेत ग्रॅज्युएट प्रोग्रॅम, २ वर्षांचा, पर्मनंट, व्हिसा स्पॉन्सर करणार, पण ऑपरेशन्समध्ये, म्हणजे झालेले सौदे पुरे करायचे, ज्याला सेटलमेंट म्हणतात. बहीण म्हणते पर्मनंट सोडून शिकाऊ कसला होतोस, फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढलंय. आणि हा म्हणतो मावशी मला डील करायच्यात, सेटलमेंट नाही करायची. मी मधल्या मधे. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. आणि डीलच्या लाइनमधले तास ऐकून मलाच धडकी भरते, ते वेगळंच.

प्रेषक: विम्बल्डनवाला, मंगळवार मध्यरात्र (हो, अजून ऑफिसात)

मावशी,

आधी बहिणीला सांगा की आपल्याकडच्या 'शिकाऊ उमेदवार' आणि इथल्या इंटर्नमध्ये फार फरक आहे. लंडनच्या आयबीमध्ये (इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये) इंटर्नशिप हाच मुख्य दरवाजा. इथली मुलं पदवीच्या पहिल्याच वर्षी ईस्टरला स्प्रिंग वीक, म्हणजे बँकेची थोड्या दिवसांची तोंडओळख, करतात, त्यातून पुढच्या वर्षीच्या समर इंटर्नशिपला उडी, जून ते ऑगस्ट ९-१० आठवडे, आणि ते संपताना ज्यांना रिटर्न ऑफर मिळते तेच वर्षभराने ग्रॅज्युएट अॅनालिस्ट म्हणून येतात. त्यामुळे डील टीममधल्या ग्रॅज्युएट जागा वेबसाइटवर दिसेपर्यंत बहुतेक भरलेल्याच असतात, उरल्यासुरल्या एक-दोन.

आपली एक वर्षाची मास्टर्स करणारी मुलं इथेच फसतात. सप्टेंबरात उतरायचं, अजून खोली मिळाली नाही तोवर पुढच्या उन्हाळ्याचे अर्ज चालू झालेले, रोलिंग बेसिसवर, म्हणजे नंतर आलेल्याला शिल्लक राहिलेलं. आणि समर इंटर्नशिप मिळालीच तरी बऱ्याच एमएससींचा उन्हाळा डिसर्टेशनचा, स्टुडंट व्हिसावर तो टर्म टाइमच धरतात, आठवड्याला २० तासांच्या वर काम चालत नाही. म्हणून अशांना ऑफ-सायकल हीच खरी वाट. त्यात समर इंटर्नसारखं पिझ्झा आणि नेटवर्किंग नसतं, खुर्ची रिकामी आहे म्हणून बसवतात, दुसऱ्या आठवड्यात लाइव्ह डीलचं मॉडेल (एक्सेलमधला हिशोब) हातात.

पर्मनंट या शब्दावरून माझी कथा. २००७ च्या समरला एका बँकेत होतो (नाव नको), रिटर्न ऑफर मिळाली, २००८ च्या सप्टेंबरअखेर जॉइनिंग. पेढे वाटले. १५ सप्टेंबरला लीमन ब्रदर्स ही बँक बुडाली, तिच्या २५ बँक स्ट्रीटच्या ऑफिसच्या दारातून लोक खोके घेऊन बाहेर पडताना टीव्हीवर बघितले, आणि आठवड्याभरात माझ्या बँकेचा मेल, जॉइनिंग पुढे ढकलली आहे. मग आणखी पुढे. मग रद्द. पक्की नोकरी होती हां ती, लेटरहेडवर. शेवटी एका बुटीकमध्ये ६ महिन्यांची इंटर्नशिप धरली, त्यांनी ठेवलं, आज त्याच लाइनमध्ये आहे. म्हणजे माझं मत कुठे झुकणार ते उघडच आहे, तेवढं वजा करून वाचा.

तासांचं खोटं बोलत नाही. २०१३ मध्ये इथे एक समर इंटर्न वारला, २१ वर्षांचा मुलगा, तेव्हा सगळी सिटी हादरली होती. २०१५ मध्ये गोल्डमन सॅक्स बँकेनं समर इंटर्नसाठी नियम काढला, मध्यरात्र ते सकाळी ७ ऑफिसात थांबायचं नाही. नियमात काय लिहावं लागलं ते बघा म्हणजे आधी काय चालत होतं कळेल.

प्रेषक: ईलिंगचे काका, बुधवार सकाळ

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. बाकी तुम्ही शहाणे आहात.

ता.क. वर्गणी अजून निम्म्या लोकांची आलेली नाही.

प्रेषक: क्रॉयडनची ताई, बुधवार दुपार

'मला सेटलमेंट नाही करायची' वाचून जरा टोचलं हो, मी १४ वर्षं तेच करतेय. डील टीमच्या पोरांना वाटतं ट्रेड आपोआप सेटल होतो. आत्ता टी प्लस टू आहे, म्हणजे शेअरचा सौदा झाल्यावर दोन कामाच्या दिवसांनी पुरा होतो, ११ ऑक्टोबर २०२७ पासून यूके, युरोपियन युनियन आणि स्वित्झर्लंड तिघं एकदम टी प्लस वनवर (एका दिवसावर) जातायत, सगळी बँक आमच्या दाराशी उभी आहे. भारतात ते जानेवारी २०२३ मध्येच पूर्ण झालं, आमच्या पुण्याच्या टीमला विचारलं की हसतात, तुमचं एवढं काय अवघड आहे म्हणून. त्या पोराला सांगा, पुढची २ वर्षं ऑपरेशन्समध्ये शिकायला भरपूर आहे आणि संध्याकाळी घरी येऊन वरणभात खाता येतो.

पण खरं तेही सांगते. ऑपरेशन्समधून एम अँड एला जाता येईल या आशेवर ही नोकरी घेत असेल तर घेऊ नको म्हणावं. रिस्कला, कम्प्लायन्सला, फार तर ट्रेडिंग डेस्कच्या सपोर्टला गेलेले पाहिलेत, डील टीमला गेलेला मी १४ वर्षांत एकच पाहिला, तोही मध्ये एमबीए करून.

आणि तुम्ही सगळे खुर्चीचं बोलताय, व्हिसाच्या तारखेचं कोणी बोलतच नाहीये! ग्रॅज्युएट रूट, म्हणजे शिक्षणानंतर इथे काम करायचा व्हिसा, आत्ता २ वर्षांचा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून जो अर्ज करेल त्याला १८ महिनेच, पीएचडीवाले सोडून. अर्ज कधी करता येतो, तर युनिव्हर्सिटीनं कोर्स पास झाल्याचं होम ऑफिसला (इथल्या गृहखात्याला) कळवल्यावर. म्हणजे डिसर्टेशन सप्टेंबरात दिलं, निकाल नोव्हेंबरात आला तर डिसेंबरात अर्ज टाकून २ वर्षं पदरात. डिसर्टेशन लटकलं, निकाल जानेवारीत गेला, की ६ महिने गेले. इंटर्नशिप घेणाऱ्याला ते ६ महिने म्हणजे आणखी एक इंटर्नशिप, लक्षात घ्या.

दुसऱ्या बाजूनं, ग्रॅज्युएट रूटवरचा काळ पुढे स्किल्ड वर्कर (कंपनीनं स्पॉन्सर केलेल्या) व्हिसावरून मिळणाऱ्या आयएलआरला, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीला, धरत नाहीत. बँकेनं पहिल्या दिवसापासून स्किल्ड वर्करवर घेतलं तर घड्याळ तिथूनच सुरू. बहिणीच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही.

प्रेषक: विम्बल्डनवाला, बुधवार रात्री

ताई, तारखेचं माझ्या डोक्यातच नव्हतं, मानलं.

मग त्या बुटीकला दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत, लाजायचं काही कारण नाही. मागच्या दोन बॅचमध्ये किती ऑफ-सायकल इंटर्न होते आणि त्यातले किती अॅनालिस्ट झाले? आणि स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसाला कामाचा व्हिसा द्यायचा परवाना, आहे का? दुसऱ्याचं उत्तर तर विचारायलाही नको, होम ऑफिसची लायसन्स्ड स्पॉन्सर्सची यादी सरकारी साइटवर उघडी असते, कंपनीचं नाव शोधायचं. ६ महिने ग्रॅज्युएट रूटवर काम करायला स्पॉन्सर लागत नाही म्हणून कोणी बघत नाही, आणि नंतर ठेवायची वेळ आली की कळतं यांच्याकडे लायसन्सच नाही. स्किल्ड वर्करची पगाराची किमान अट सध्या वर्षाला ४१,७०० पाउंड, नवख्यांना ३३,४००, डील टीमला पगाराची अडचण येत नाही, अडतं ते छोट्या फर्मच्या कागदांवर.

आणि त्याला एक प्रश्न माझ्याकडून विचारा. घसारा १० नं वाढला तर तिन्ही स्टेटमेंटवर (नफा-तोटा, कॅश फ्लो, बॅलन्स शीट) काय होतं? इथला २५ टक्के टॅक्स धरून.

प्रेषक: भाचा (मावशीच्या आयडीवरून), गुरुवार

सगळ्यांना नमस्कार,

आधी विम्बल्डनच्या दादांच्या प्रश्नाचं उत्तर. नफा साडेसातनं कमी, कॅश अडीचनं जास्त कारण घसारा परत मिळवायचा आणि टॅक्स वाचला, बॅलन्स शीटला मालमत्ता १० नं खाली, कॅश अडीच वर, समोर रिटेन्ड अर्निंग्ज (साठलेला नफा) साडेसातनं खाली. इंटरव्ह्यूत पण हाच आला होता.

ताई, सॉरी, तसं म्हणायचं नव्हतं. मावशी जे बोललं ते जसंच्या तसं लिहिते.

बुटीकला काल फोन केला. लायसन्स यादीत आहे, मी स्वतः बघितलं. मागच्या दोन बॅचमध्ये ५ इंटर्न होते, २ जणांना ठेवलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा आकडा कमी आहे, रात्रभर झोप नाही आली. मोठ्या बँकेला विचारलं पुढच्या वर्षी जॉइन झालं तर चालेल का, नाही म्हणाले.

कर्जाचा हप्ता एप्रिलपासून सुरू होतोय. इंटर्नला अॅनालिस्टच्या पगाराच्या हिशोबात महिन्याला देतात, त्यात जूनपर्यंत हप्ता आणि खोलीचं भाडं निघतं, एक्सेलमध्ये मांडून बघितलंय. जूनमध्ये नाही ठेवलं तर व्हिसावर दीड वर्ष उरतं, आणि सीव्हीवर तोवर खरी डील असेल. ऑपरेशन्समध्ये २ वर्षं काढून मग डील टीमचे अर्ज करायचे तर तेव्हा मी ज्युनियर अॅनालिस्टसाठी जुना आणि बाकी कशासाठी नवा, असं झालं असतं. मी इंटर्नशिप घेतोय. काकांची म्हण आमच्याकडे आई पण रोज ऐकवते.

आता डिसर्टेशन. सुपरवायझरकडून दुसरा चॅप्टर परत आलाय, लाल रंगात, पण नोव्हेंबरचा निकाल चुकवायचा नाही हे ताईंच्या मेलनंतर भिंतीवर लिहून लावलंय.

फक्त आईला अजून सांगितलेलं नाहीये. मावशी, शनिवारी तू फोन लाव, मी शेजारी बसतो.

प्रेषक: हॅरोची मावशी, गुरुवार, पाच मिनिटांनी

मी काही लावणार नाही हां फोन. जेवायला ये, स्वतःच लाव.

काका, आमची वर्गणी आज भरली.