बर्लिनमध्ये रविवारी एकटीने काय बघावं?

उनाड_पाखरू:
मंडळी, ऑक्टोबरपासून इथे मास्टर्सला आहे. आठवडाभर लेक्चर आणि लॅब, शनिवारी पार्टटाइम जॉब, म्हणजे सुट्टी असा जो काय तो एक रविवार हातात येतो आणि नेमकी त्याच दिवशी अख्ख्या शहरातली दुकानं बंद. फ्लॅटमेट दुपारपर्यंत झोपतात, आणि कोणाची वाट बघत बसलं की चार वाजता अंधार होऊन जातो. ब्रांडेनबुर्ग गेट, अलेक्झांडरप्लाट्झचा टीव्ही टॉवर वगैरे फोटोवाली ठिकाणं झाली. झेंडेवाल्या गाइडच्या मागे फिरायचं नाहीये, म्युझियममध्ये दिवसभर कोंडून पण घ्यायचं नाहीये आणि खिसा बेताचा आहे. तुम्ही लोक शिकत असताना काय करायचात?

खिडकीची_सीट:
आधी तिकिटाचं बघ. सेमेस्टर फीमध्ये डॉईचलँड सेमेस्टर तिकीट येत असेल (बऱ्याच युनिव्हर्सिटीत येतं) तर शहरातली बस, ट्राम, मेट्रो सगळं त्यातच, शिवाय देशभरातल्या रीजनल गाड्या पण, फक्त आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या सोडून. मग १०० नंबरची बस पकड, झू स्टेशन ते अलेक्झांडरप्लाट्झ. डबल डेकर आली तर वरती पुढची सीट धर. विजयस्तंभ, संसद, उंटर डेन लिंडेन सगळं काचेतून दिसतं आणि टुरिस्ट बसवाले याच रस्त्याचे वेगळे पैसे घेतात. आणि कधी साधं कागदी तिकीट काढलंस तर ते पंच करायला विसरू नकोस, इथे गेट नसतं त्यामुळे कोणी विचारत नाही असं वाटतं, आणि मग साध्या कपड्यातला चेकर येऊन ६० युरो घेऊन जातो.

जुना_बर्लिनकर:
बस ठीक आहे पण शहर कळतं पायी. एक रस्ता सांगतो, बाकी यादी फेकून दे. एस-बानने (इथली लोकल) नॉर्डबानहोफला उतर. हे स्टेशन शहराचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे करणारी भिंत होती तोवर बंद होतं, पश्चिमेच्या गाड्या पूर्वेच्या खालून न थांबता जायच्या आणि अंधाऱ्या फलाटावर पहारेकरी उभे असायचे. त्याचं छोटंसं प्रदर्शन स्टेशनातच आहे, फुकट. वर आलीस की बेर्नाउअर श्ट्रासे सुरू. इथे घरं पूर्वेत आणि त्यांच्या दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत अशी गंमत होती (गंमत कसली म्हणा), म्हणून ऑगस्ट १९६१ मध्ये भिंत घातली तेव्हा लोकांनी खिडक्यांतून खाली उड्या मारल्या, मग खिडक्या विटांनी बुजवल्या, मग घरंच पाडली. जिथे भिंत आता नाही तिथे गंजक्या लोखंडाच्या उंच कांब्या उभ्या केल्यात, त्यांच्यामधून आरपार चालता येतं. ५७ माणसं ज्या भुयारातून १९६४ मध्ये निसटली त्याची जागा पण जमिनीवर दाखवलीये. सव्वा-दीड किलोमीटरचंच अंतर आहे पण पाट्या वाचत गेलीस तर दोन तास कुठे गेले कळत नाही. सगळं उघड्यावर आहे, रविवार असो की पाऊस.

एक खेळ पण सांगतो. इतर भागात फिरताना आपण जुन्या पूर्वेत आहोत की पश्चिमेत ते ओळखायचं. पश्चिम बर्लिनने १९६७ पर्यंत आपल्या ट्रामी काढून टाकल्या, पूर्वेने ठेवल्या, त्यामुळे रूळ दिसले की बहुतेक पूर्व. बहुतेक म्हणतोय कारण एकीकरणानंतर काही मार्ग पश्चिमेत वाढवले. पादचाऱ्यांच्या सिग्नलमधल्या टोपीवाल्या माणसाच्या चित्रावर मात्र भरवसा ठेवू नकोस, तो पूर्वेचाच पण आता सगळीकडे पोचलाय.

सायकल_सटकली:
दादा लिहिता छान, पण पोरगी आठवडाभर लॅबमध्ये पिचलीये आणि तुम्ही तिला सुट्टीच्या दिवशी भुयारं दाखवताय 😄 उनाड, तू त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला माउअरपार्क आहे तिथे थेट जा, रविवारी जुना बाजार भरतो. कोट, सायकलचे पार्ट, कोणाच्या तरी आजोबांचे कॅमेरे, काय वाटेल ते. रोख पैसे ने. घ्यायचं काहीच नसलं तरी चालतं.

आणि टेंपलहोफ! अख्खा विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून पार्क म्हणून उघडला. इमारती बांधायचा घाट घातला होता तर लोकांनी २०१४ मध्ये मतदान करून हाणून पाडला. रनवेवर सायकल घालायची, समोर एक गाडी नाही, एक सिग्नल नाही. फक्त वारा प्रचंड, आणि सूर्य मावळला की गेट बंद करतात, हिवाळ्यात ते फार लवकर असतं.

जुना_बर्लिनकर:
@सायकल_सटकली तुमचा बाजार ज्या पार्कात भरतो तिथूनच भिंत जायची. भुयार काय, बाजार काय, जागा तीच. बाकी टेंपलहोफला अनुमोदन.

कोपऱ्यातली_ताई:
मी जरा वेगळं सुचवते. यू३ मेट्रोने डाहलेमला जा, इहनेश्ट्रासे २२. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला पीएचडीला आल्या ती मानववंशशास्त्राची संस्था या इमारतीत होती. त्यांचा गाईड ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेवर विश्वास असलेला माणूस. बाईंनी कवट्या मोजल्या आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असं त्याच्याच हाताखाली बसून लिहिलं! पुढे नाझी काळात या संस्थेने जे केलं त्याबद्दल बाहेर पाटी लावलीये. इमारत आता फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे, रविवारी आत काही नाही, बाहेरूनच बघायचं. पण तुझ्यासारखीच इथे शिकायला आलेली मुलगी शंभर वर्षांपूर्वी याच दारातून जायची, म्हणून मला तरी तिथे जावंसं वाटलं. भोवतालचा परिसर झाडांचा आणि शांत आहे, चालायला मस्त.

उनाड_पाखरू:
अरे वा, एवढं अपेक्षित नव्हतं! इरावतीबाई इथे शिकल्या हे माहीतच नव्हतं. या रविवारी नॉर्डबानहोफपासून चालत माउअरपार्क, म्हणजे दादा पण खूश आणि सायकलवाले पण. संसदेच्या काचेच्या घुमटाचं कोणी सांगेल का? आणि रविवारी दूध-ब्रेड संपलं तर काय करता?

खिडकीची_सीट:
घुमट फुकट आहे पण ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं, शनिवार-रविवारचे स्लॉट लवकर भरतात म्हणून आधीच बघून ठेव आणि जाताना पासपोर्ट ने. दूध-ब्रेडला हाउप्टबानहोफ म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशन गाठ, मोठ्या स्टेशनातली सुपरमार्केट रविवारी चालू असतात. संध्याकाळी रांग मात्र भयंकर असते, सकाळीच उरकून घे.