लॅपटॉपचा प्रोसेसर मुद्दाम हळू करून गेम खेळलाय का कुणी? आपापले अनुभव टाका

तापलेला तवा
मंडळी, आधी माझं सांगतो मग तुम्ही सांगा. अकोल्यात राहतो, मे महिना, खोलीत कूलर आहे एसी नाही. लॅपटॉप जुना, आय५-९३००एच प्रोसेसर आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. विचर ३ गेम लावला की पहिली दहा मिनिटं एकदम मख्खन, ६५-७० एफपीएस (म्हणजे सेकंदाला तेवढ्या फ्रेम), आणि मग धाडकन ३५. दोन सेकंद ३५, परत ७०, परत ३५. घोडा पळतोय आणि मधेच कुणीतरी लगाम खेचतंय असं. आधी वाटलं गेममध्येच घोळ आहे, मग वाटलं रॅम कमी पडतेय, ८ची १६ जीबी करून घेतली, पैसे गेले, फरक शून्य. शेवटी एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि स्पीड दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर प्रोसेसर ९७ डिग्रीला आणि त्याच्या स्पीडचा आलेख म्हणजे करवतीचे दात. वर जातोय, तापतोय, खाली आपटतोय, थंड झाला की परत वर.

मग विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ केलं. फक्त एक टक्का. पण त्या एका टक्क्यात टर्बो (प्रोसेसरचं मूळ स्पीडच्या वर आपोआप पळणं) बंद होतो, म्हणजे ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत उड्या मारणारा प्रोसेसर आपल्या मूळ २.४ वर येऊन बसतो. तापमान ७४. एफपीएस ५८ ते ६२ आणि तीन तास हललं नाही. आधी डब्ल्यू बटणाला बोट चिकटवलं की चटका बसायचा, आता कोमट लागतं.

तर तुमचे अनुभव टाका. गेम कोणता, खोलीत गरम किती, हे लिहा. लॅपटॉप कंपन्यांची नावं घेऊन भांडू नका, तसले धागे गेल्या वर्षी दोन वाया गेलेत.

हेडशॉट हुकला
मी उलटा अनुभव देतो. ठाणे, आय७-९७५०एच, १४४ हर्ट्झचा स्क्रीन, खेळतो फक्त व्हॅलोरंट, गोळीबाराचा ऑनलाइन गेम. असाच सल्ला कुठेतरी वाचून ९९ केलं. १९० च्या आसपास मिळायचे ते १२० वर आले आणि धूर-बिर झाला, सगळे एकदम भिडले की ९० पण दिसायचे. लॅपटॉप थंडगार, मी मात्र हरतोय. अशा गेमला ग्राफिक्स कार्डाचं काम थोडं असतं, सगळा भार प्रोसेसरवर, त्यात पण त्याच्या एक-दोन कोअरवर (आतल्या भागांवर) जास्त. तिथे स्पीड काढलात म्हणजे बॅट्समनच्या हातातली बॅट काढून त्याला सावलीत उभं केल्यासारखं. दोन दिवसात परत १०० केलं. तवाभाऊ, तुमच्या गेमला चाललं कारण तिथे कार्डच आधी दमतं. सरसकट सगळ्यांना सांगू नका एवढंच.

अर्धा व्होल्ट
हेडशॉट बरोबर बोलताय, पण ९९ आणि १०० याच्या मधे पण जागा आहे हो. स्पीड वाढवायचा तर व्होल्टेज पण वाढवावं लागतं, आणि वीज खाण्याचं गणित असं की स्पीड गुणिले व्होल्टेजचा वर्ग. माझ्या मशीनवर ४ गिगाहर्ट्झला साधारण १.१ व्होल्ट दिसतात आणि ३ ला ०.९. करा हिशोब, स्पीड पाऊणपट राहिला पण उष्णता जवळजवळ निम्मी झाली. वरचे शेवटचे पाचसातशे मेगाहर्ट्झ हे सगळ्यात महागडे असतात, तिथेच पंखा बोंबलतो.

विंडोजमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर फ्रीक्वेन्सी नावाची एक सेटिंग लपवलेली असते, कमांड देऊन ती पॉवर ऑप्शन्समध्ये उघडता येते, मग तिथे सरळ मेगाहर्ट्झमध्ये आकडा टाकायचा. मी ३३०० ठेवलाय. ९९ वाला तोडगा म्हणजे नळ एक तर बंद नाहीतर धो धो, हा नळ हवा तेवढा पिळता येतो.

आणि हो, तिथे ऑन बॅटरी आणि प्लग्ड इन असे दोन वेगळे आकडे असतात. निम्मे लोक फक्त बॅटरीचा बदलतात आणि मग विचारत येतात की काहीच फरक पडला नाही. (मी पण त्यातलाच, लाजायचं काय त्यात.)

कोथरूडची आई
मी गेम खेळत नाही पण अनुभव आहे, चालेल ना? मुलगा बारावीत. रात्री अकरानंतर त्याच्या खोलीतून पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा आवाज, भिंतीपलीकडे सासूबाई झोपतात, त्यांची झोप आधीच तोळामासा. त्याला सांगून थकले. मग एक दिवस तो क्लासला गेलेला असताना त्याच्या मामाला फोन लावला आणि मामाने सांगितलं तसं ते ९९ केलं. गिरणी बंद! दोन महिने त्याला पत्ता नाही. उलट मला म्हणाला आई बघ मी व्हॅक्यूमने जाळी साफ केली म्हणून आवाज कमी झाला. मी म्हटलं हो रे बाळा, गुणाचा आहेस.

तापलेला तवा
ताई साष्टांग दंडवत. कोणता गेम खेळतो तो?

कोथरूडची आई
फुटबॉलचा. मामा म्हणाला त्यात ६० एफपीएसवर लॉक केलेलं असतं म्हणून त्याला कळलं नसेल.

नाद खुळा
कोल्हापूर. भावांनो स्पीड कमी करायच्या आधी एकदा पोट उघडून बघा. मी येड्यासारखा सहा महिने ७० टक्क्यांवर खेळत होतो, जीटीए ५ मधे गाडी जोरात हाणली की पुढचा रस्ताच तयार व्हायचा नाही, निळ्या पोकळीत गाडी. वाटायचं आता हेच नशीब, लॅपटॉप म्हातारा झाला. मग एका रविवारी मागचे स्क्रू काढले, पंखा उचलला तर जाळीच्या आतल्या अंगाला धुळीचा नमदा, अख्खा एक तुकडा, चिमटीत धरून सोलला तर गोधडीच्या ठिगळासारखा सलग निघाला. तो जाळीला आतून चिकटलेला असतो, बाहेरून कितीपण फुंका, व्हॅक्यूम लावा, दिसत पण नाही आणि निघत पण नाही. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झालेली, ती पुसून नवीन लावली, एमएक्स-४ ची छोटी ट्यूब. आता १०० टक्के स्पीडला ८३ डिग्री.

फक्त बॅटरीची पिन आधी काढा, आणि पंख्याची वायर ओढू नका, ते पांढरं कनेक्टर नखाने हळू हळू सरकवायचं असतं. मी ओढली. तुटलं. पंख्याचे नऊशे वेगळे गेले आणि घरच्यांचं ऐकून घेतलं ते वेगळंच.

न मागता मिळालं
तुम्ही तरी मुद्दाम कमी करताय, माझा आपोआप झाला. एका सकाळी लॅपटॉप चालू केला तर सगळंच कासव, टास्क मॅनेजरमधे ०.३९ गिगाहर्ट्झ. विंडोज दोनदा टाकून झालं, अँटिव्हायरस झालं, एका दुकानदाराने मदरबोर्ड गेला सांगितलं, साडेअकरा हजार म्हणाला. आणि निघालं काय तर चार्जर. काही चार्जरच्या टोकात मधोमध एक बारीक सुईसारखी पिन असते, तिच्यावरून लॅपटॉपला कळतं की चार्जर किती वॅटचा आहे. माझी ती पिन वाकली होती. चार्जर ओळखू आला नाही की बोर्ड प्रोसेसरला दम भरतो, गप बस, आणि तो तळाच्या स्पीडला जाऊन बसतो. थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरमधे बीडी प्रॉकहॉट असं ते दाखवतं. तिथली खूण काढली की स्पीड येतो पण तो संरक्षणाचाच भाग आहे, मी खात्री करण्यापुरती काढली आणि चार्जर बदलला. ०.३९ वर गेमचा अनुभव विचाराल तर सॉलिटेअरचे पत्ते पण विचार करून पडत होते.

वऱ्हाडी बाणा
तवाभाऊ तुमचं आयकून म्या पण ९९ केलं, आणि पार्टीत शिव्या खाल्ल्या न भाऊ. आमी आठ जणं शनवारी रात्री एज ऑफ एम्पायर्स २ खेळतो, चार अमरावतीचे, दोन पुण्याले, एक बंगलोरले, एक दुबईले. त्या गेमात सगळ्यांच्या मशिनी पायात पाय बांधल्यासारख्या चालतात, एकाची हळू झाली का सगळ्यांचाच गेम हळू. एक तास बरा चालला, मंग सगळ्यांच्या फौजा तयार झाल्या, हजार-दीड हजार शिपाई, अन् हत्ती असे चालाले लागले का जसे काही दलदलीतून. दुबईवाला म्हणे कोनाचं नेट खराब आहे बे, बंगलोरवाला म्हणे माह्यं नाही. म्या गुपचूप बसलो. पंधरा मिनिटं एकमेकांचे राउटर बंद-चालू करून राह्यले होते बिचारे. शेवटी गेमनंच माह्या नावापुढं खूण दाखवली न. आता शनवारी १०० अन् बाकी दिवस ९९.

पंधरा वॅट
माझ्याकडे गेमिंग लॅपटॉपच नाही, ऑफिसचा पातळसा, आय५-८२५०यू, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. इथे तर स्पीड कमी केल्यावर एफपीएस वाढले, खोटं वाटेल पण खरंय. कारण प्रोसेसर आणि आतलं ग्राफिक्स दोघांना मिळून एकच पंधरा वॅटचा डबा. प्रोसेसर हावरट, टर्बोला जाऊन आधी आपलं ताट भरून घेतो, ग्राफिक्सला उरलंसुरलं. टर्बो बंद केल्यावर एका जुन्या रेसिंग गेममधे २८ चे ३४ झाले. सहा फ्रेम तुम्हाला किरकोळ वाटतील, पण २८ आणि ३४ मधे वळण घेता येणं आणि कठड्यावर आपटणं एवढा फरक असतो.

टोरांटोकर
इकडे जानेवारीत खिडकीची फट उघडून लॅपटॉप तिथे ठेवला की टर्बो चालू ठेवूनही ७५ च्या वर जात नाही, म्हणून मला या धाग्याचं काहीच वाटत नव्हतं. मग दिवाळीला साताऱ्याला घरी आलो, तोच लॅपटॉप, तोच गेम, आणि आजीच्या पलंगावर गादीत रुतवून ठेवलेला. पंधरा मिनिटात बंद पडला. आजी म्हणाली तुझ्या मशीनला ताप आलाय, काढ बाहेर ओसरीवर. ओसरीवर फरशीवर, खाली बाटलीची चार झाकणं चार कोपऱ्यांना, आणि व्यवस्थित चालला. प्रोसेसरला हात पण लावला नाही.

जुना खोडा
पोरांनो, आमच्या वेळी प्रोसेसर हळू करायला डब्यावरच बटण असायचं. ४८६ प्रोसेसरच्या पीसीला टर्बो नावाचं बटण, दाबलं की पुढचा लाल आकडा ६६ चा ३३ व्हायचा. नाव टर्बो पण त्याचा खरा उपयोग स्पीड कमी करायला. कारण सुरुवातीचे काही गेम १९८१ च्या आयबीएम पीसीचा ४.७७ मेगाहर्ट्झ गृहीत धरून लिहिलेले, त्यांना वेळ मोजणं माहीतच नाही, प्रोसेसर जेवढा पळेल तेवढा गेम पळणार. दादरच्या एका क्लासमधे आम्ही रात्री विटा फोडायचा गेम लावायचो, बटण विसरलं की चेंडू दिसायच्या आत तिन्ही जीव गेलेले. तुम्ही हळू करता लॅपटॉप जळू नये म्हणून, आम्ही करायचो ते माणसाला झेपावं म्हणून.

बायोसचा बळी
कुणी अंडरव्होल्टबद्दल बोललं नाही म्हणून. स्पीड तोच ठेवून व्होल्टेज थोडं उतरवायचं. थ्रॉटलस्टॉपमधे उणे ८० मिलिव्होल्टवर माझा ९४ चा ८५ झाला होता, एक पण फ्रेम न गमावता. हावरटपणा करून उणे १४० केलं तर निळा स्क्रीन, तो भाग सोडा. पण डिसेंबर २०१९ मधे प्लंडरव्होल्ट म्हणून सुरक्षेतलं भोक उघड झालं, व्होल्टेज खालीवर करून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातलं काढता येतं म्हणे, आणि मग बायोसच्या (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून कंपन्यांनी ती सोयच बंद करायला घेतली. मी एका रात्री झोपेत अपडेटला हो म्हटलं. सकाळी आकडा करडा झालेला, हलतच नाही. कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडच्या ताई म्हणाल्या सर तुम्ही व्होल्टेज स्टॅबिलायझर वापरा. तेव्हापासून मी पण ३२०० मेगाहर्ट्झच्या मर्यादेवर.

तापलेला तवा
एवढे अनुभव येतील वाटलं नव्हतं. अर्धा व्होल्ट यांचं ऐकून ९९ काढलं आणि ३१०० टाकलं, विचरमधे ६४-६६, तापमान ८१, गावात गर्दीत शिरलं की पूर्वी अडखळायचं ते पण गेलं. नाद खुळा, तुमचं वाचून मागचे स्क्रू काढले. नमदा होताच. वायर ओढली नाही. काल इकडे पहिला पाऊस झाला, तर परत १०० टक्क्यांवर टाकून बघितलं, ८८ ला थांबतो आणि करवत दिसत नाही. आता दोन पॉवर प्लॅन करून ठेवलेत, एकाचं नाव मे आणि दुसऱ्याचं बाकीचे.

ताई, मुलाला अजून कळलं नाही का?

कोथरूडची आई
कळलं. मित्राकडून नवीन गेम आणला, तो नीट चालेना म्हणून शोधत बसला. माझ्याशी एक दिवस बोलला नाही. आता लॅपटॉपला पासवर्ड आहे आणि गिरणी परत चालू आहे. मामाला विचारतेय.