मोटार उद्योगातली परकीय गुंतवणूक: 50-70 टक्क्यांची अट हवी होती का?

जकातनाका: 1993 ला मोटारींचं उत्पादन परवानामुक्त झालं. मग 12 डिसेंबर 1997 ला सरकारने अटी मागच्या दाराने परत आणल्या. जोडणीसाठी सुट्या भागांचे संच आयात करायचेत? आधी करारावर सही करा. तिसऱ्या वर्षी 50 टक्के देशी भाग, पाचव्या वर्षी 70. जेवढ्याची आयात तेवढ्याची निर्यात. बहुसंख्य भांडवल परदेशी असेल तर तीन वर्षांत किमान 5 कोटी डॉलर गुंतवा. दार उघडायचं आणि उंबऱ्यावर कारकून बसवायचा, असला कारभार.

खटपट्या: कारकून नसता तर बाहेरचे भाग आणून इथे नुसती पान्याने जोडणी चालली असती. दरवाजाच्या पत्र्याची डाय, म्हणजे त्याला आकार देणारा साचा घ्या. तिचा खर्च एकदाच, पण तो दहा हजार गाड्यांवर वाटला तर पत्रा आयातीपेक्षा महाग पडतो. त्यामुळे कंपनी आयातच करत राहते आणि डाय टाकायला पुरवठादार धजत नाही. ही कोंडी कुणीतरी फोडावी लागते. सुझुकी 1982 ला मारुतीत 26 टक्के भांडवल घेऊन आली तेव्हाही देशीकरण टप्प्याटप्प्याने वाढवायचं ठरलंच होतं.

जकातनाका: डायचा दाखला माझ्याच पथ्यावर! अडचण गाड्यांच्या संख्येची आणि अट टक्क्यांची. मग कंपनी सीट, टायर, काच, बॅटरी इथे घेऊन टक्के भरायची. गिअरबॉक्स बाहेरूनच यायचा. वायरिंग हार्नेसचे, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुडग्याचे कनेक्टर पुरवठादाराने परदेशातून मागवले, तरी बिल रुपयांत म्हणून भाग देशी!

तिसरी घंटा: दोघंही खुंटी विसरताय. ही अट आयात परवान्याला टांगलेली होती. 1 एप्रिल 2001 ला परवानाच गेला. अमेरिका आणि युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेत तक्रार घेऊन गेले होते, तिथेही डिसेंबर 2001 मध्ये निकाल भारताच्या विरोधात लागला. 2002 च्या धोरणात 100 टक्के परकीय गुंतवणूक थेट खुली झाली. तरी सुटे भाग इथे बनतातच, कारण तयार गाडीवर जबर आयातशुल्क आणि सुट्या भागांवर त्याहून कमी, पण आहेच.

खटपट्या: म्हणजे अट गेली आणि तिचं काम शुल्काकडे आलं. फरक एवढाच की शुल्काचा भार गिऱ्हाइकाच्या माथी. करारात निदान सुटका लिहिली होती: 70 टक्के गाठले की पुढे परवान्याची गरज नाही. शुल्क कधी उतरणार, ते कुठल्या कलमात आहे?