उजवा कौल मिळाला, तरी मन मानत नाही

मालवणजवळच्या आमच्या गावी कलमांची बाग विकावी का, म्हणून कौल लावला, म्हणजे देवाला होकार की नकार ते विचारलं. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे आमचा प्रश्न देवापुढे मांडला, आणि देवाच्या पाषाणावर डाव्या-उजव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. डावी हललीही नाही, उजवी टपकन सुटली. बाबा म्हणतात, देवाने होकार दिला, आता विषय संपला. मला बाग सोडवत नाही. पुन्हा कौल लावता येतो का?

कोकण्या: हवा तो कौल मिळेपर्यंत लावणार? मग नाणंच उडवा की!

माहेरवाशीण: गाऱ्हाण्यात नेमकं काय विचारलंत? आमच्याकडे कौल विचारलं तेवढ्यापुरताच धरतात.

मूळ प्रश्नकर्ती: फक्त 'विकू का' एवढंच. गिऱ्हाईक, भाव काहीच नाही.

माहेरवाशीण: मग घाई कसली? देवाने तारीख थोडीच दिलीय! यंदाचा आंबा उतरवून घ्या.