पुरात लाईट गेली तर ऑक्सिजन मशिनचं काय करायचं? (शाहूपुरी, कोल्हापूर)

कुंभारगल्ली_७४
वडिलांना सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट दम लागण्याचा आजार) आहे. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेवरचं मशिन) आहे. डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर फ्लो आणि दिवसाचे १६ तास सांगितलेत, रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशिन). कॉन्सन्ट्रेटरच्या पाटीवर ३५० वॅट लिहिलंय. इन्व्हर्टर ९०० व्हीएचा, बॅटरी १५० एएचची, तीन वर्षं जुनी. घर तळमजल्यावर. पंचगंगेचं पाणी चढलं की सप्लाय बंद होतो, दोन दिवसांची तयारी हवी. दुसरी बॅटरी घेऊ की सिलिंडर? आणि महावितरणला आधी कळवून उपयोग होतो का?

इन्व्हर्टर_राजारामपुरी
आधी हिशेब बघा. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण उतरवायची नसते, इन्व्हर्टरही थोडं खातो, त्यामुळे नव्या बॅटरीतून हातात साधारण ११०० पडतात. ३५० वॅटला तीन तास. तुमच्या बॅटरीचे दीड-दोनच धरा, तेही पंखा बंद ठेवून. दोन दिवसांच्या गरजेपुढे दुसरी बॅटरी लावूनही काही भागत नाही. शिवाय जुनीला नवी जोडली की जुनी नवीलाही ओढते. पैसे सिलिंडरमध्ये घाला.

बॅटरी बायपॅपसाठी राखून ठेवा. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरचा हीटर बंद केला की बायपॅप बहुतेक वेळा पन्नास वॅटच्या आतबाहेर चालतं, एक रात्र आरामात निघते. इन्व्हर्टर शुद्ध साईन वेव्हचाच, म्हणजे घरच्या लाईटसारखी गुळगुळीत वीज देणारा हवा. स्क्वेअर वेव्हवर कॉन्सन्ट्रेटरचा कॉम्प्रेसर घुमतो, तापतो आणि अलार्म देऊन बंद पडतो.

आणि ती बॅटरी फरशीवरून उचला. पन्नास किलोच्या वर वजन असतं, पाणी दारात आल्यावर हलत नाही. मागच्या पुराची खूण भिंतीवर असेलच, तिच्या वर पक्का लोखंडी स्टँड करून घ्या.

श्वसन_तंत्रज्ञ
बी टाईप सिलिंडर घ्या. त्याची पाण्याची क्षमता १० लिटर आणि पूर्ण भरल्यावर दाब सुमारे १५० बार, म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन. २ लिटर फ्लोला साडेबारा तास. दोन दिवसांचे ३२ तास धरले तर ३८४० लिटर लागतात, म्हणून तीन सिलिंडर. दाबाचा काटा ७५ वर आला की निम्मं संपलं, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

फसगत होते ती जोडणीत. सिलिंडर आहे आणि पाना सापडत नाही, हे नेहमीचं. पाना सुतळीने सिलिंडरच्या मानेलाच बांधून ठेवा, जादा वॉशरही त्याच पिशवीत. रेग्युलेटर बसवल्यावर सांध्याला साबणाचं पाणी लावा, फुगे आले की वॉशर बदला. फ्लो चालू असून ह्युमिडिफायरच्या बाटलीत बुडबुडे येत नसतील तर झाकण तिरकं बसलंय किंवा नळी कुठेतरी दबली आहे. तेल, ग्रीस, हाताला लावलेलं व्हॅसलीनसुद्धा व्हॉल्व्हला लागू देऊ नका. देवघरातला दिवा आणि गॅसची शेगडी लांब. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला.

लाईट गेली की आधी सिलिंडर सुरू करा, मग नळी त्यावर घ्या, शेवटी मशिनचं बटण बंद करा. लाईट परत आल्यावर लगेच मशिनवर जाऊ नका. व्होल्टेज स्थिरावू दे, मग मशिन दहा मिनिटं चालू दे, तोवर त्याची शुद्धता भरत नाही.

दम लागतोय म्हणून फ्लो मनाने वाढवू नका, ही कळकळीची विनंती. सीओपीडीत साधारण ८८ ते ९२ टक्के सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) पुरेसं धरतात. जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साईड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. तुमच्या डॉक्टरांचा आकडा कागदावर लिहून भिंतीला लावा. गुंगी आली किंवा ओठ निळे पडले तर १०८.

लाईनवर_करवीर
कळवायचंच. शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या: बारा अंकी ग्राहक क्रमांक, डॉक्टरांचं पत्र, मशिनचं नाव. पोच घ्या. बिलावरचा मोबाईल नंबर चालू असलेलाच ठेवा, नियोजित बंदचा मेसेज त्यावरच येतो. तक्रारीला १९१२. बिल थकलं म्हणून तोडायचं असेल तरी वीज कायदा २००३, कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते.

पण अर्ज दिला म्हणून पुरात लाईट राहणार नाही. गल्लीतला विजेचा बॉक्स पाण्यात गेला की सप्लाय तोडावाच लागतो, नाहीतर गल्लीत करंट उतरतो. म्हणून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत जा. ३९ फूट इशारा, ४३ धोका. ३९ ला सिलिंडर भरून घरात. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं की भरायच्या गाड्या अडकतात. ४३ ची वाट न बघता वडिलांना उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवा, उजेड असताना.

कुंभारगल्ली_७४
शेजारी जनरेटर देतो म्हणालेत. जिन्याखाली ठेवला तर चालेल?

लाईनवर_करवीर
नको. जिन्याखालचा धूर थेट घरात शिरतो, त्या विषारी वायूला वास नसतो. उघड्यावर, खिडक्यांपासून लांब. आणि जनरेटरची वायर घराच्या बोर्डात उलटी पिन घालून जोडू नका. चेंजओव्हर (लाईन तोडून जनरेटरवर घेणारा स्विच) नसेल तर करंट लाईनवर चढतो आणि खांबावर आमचा माणूस असतो. मशिनची वायर सरळ जनरेटरला लावा.