सीनियर एचआर सर्टिफिकेशन: एससीपी घ्यावं की एसपीएचआरआय?

टाइमऑफिस_वाळूज
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात प्लँट एचआर बघतो. शिक्षण एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी). एकूण अकरा वर्षं: सुरुवातीला मस्टर-पीएफ-ईएसआय, मग आयआर (युनियन आणि कामगार-संबंधांचं काम), गेली चार वर्षं प्लँटचा एचआर प्रमुख. ग्रुप एचआरच्या जाहिरातींत हल्ली ‘आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेशन असल्यास प्राधान्य’ ही ओळ हमखास असते. विचारायचं असं की सीनियर पातळीचं नेमकं कोणतं घ्यावं, युनियन आणि वेतनकराराचा अनुभव तिथे चालतो का, आणि परीक्षा घरून द्यावी की केंद्रावर जाऊन?

शेंद्रा_पीपल
तुमच्यासाठी खरे पर्याय दोनच. एसएचआरएमचं एससीपी आणि एचआरसीआयचं एसपीएचआरआय, दोन्ही अमेरिकन एचआर संस्थांची सीनियर पातळीची सर्टिफिकेशनं. शेवटी ‘आय’ नसलेलं एसपीएचआर चुकूनही भरू नका. त्यात अमेरिकेचा कामगार कायदा आहे, तो इथे बसून पाठ करण्यात अर्थ नाही.

एसपीएचआरआयची पात्रता शिक्षणावर ठरते. मास्टर्स असेल तर व्यावसायिक पातळीवरचा ४ वर्षांचा एचआर अनुभव, नुसती पदवी असेल तर ५, पदवी नसेल तर ७. एमएसडब्ल्यू म्हणजे मास्टर्सच, त्यामुळे तुम्ही ४ वर्षांच्या रांगेत. एससीपीला पदवीची अट नाही, पण किमान ३ वर्षं स्ट्रॅटेजिक पातळीचं काम लागतं. एका कॅलेंडर वर्षात अशा कामाचे १,००० तास भरले की ते वर्ष धरतात. तुमची शेवटची चार वर्षं इथे कामी येतील, टाइम ऑफिसची (मस्टर-पीएफची) नाही.

सीआयपीडी या ब्रिटिश एचआर संस्थेचं चार्टर्ड सदस्यत्व ब्रिटन किंवा आखातात नोकरी बघायची असेल तर. संभाजीनगर-पुण्याच्या कंपन्यांसाठी तेवढा खटाटोप नको, असं माझं मत.

करारनामा
युनियनचा अनुभव चालतो का, याचं उत्तर तो अर्जात कसा मांडता त्यावर आहे. आपल्याकडचे अर्ज इथेच कच्चे राहतात. लोक लिहितात, ‘युनियनशी वाटाघाटी केल्या, घरगुती (शिस्तभंगाच्या) चौकशा पार पाडल्या, कॉन्ट्रॅक्ट लेबर हाताळले.’ वाचणाऱ्याला यातून माणूस काम पार पाडणारा दिसतो, धोरण ठरवणारा नाही.

तोच अनुभव असा लिहा: ‘तीन वर्षांच्या वेतनकरारासाठी खर्चाचा आराखडा बनवला, वाढीला उत्पादकतेची अट जोडली, संचालक मंडळाकडून मर्यादा मंजूर करून घेतली, करारानंतर गैरहजेरी आणि ओव्हरटाइमवर झालेला परिणाम मोजला.’ काम एकच, पण इथे निर्णय कोणाचा, पैसा किती अडकला आणि निकाल काय लागला हे कळतं. अर्थात केलं असेल तेच लिहा. दोन्ही संस्था अर्जांची पडताळणी करू शकतात. नेमणूकपत्र, पदोन्नतीची पत्रं आणि जबाबदाऱ्यांचं कंपनीच्या लेटरहेडवरचं वर्णन आधीच काढून ठेवा. नोकरी सोडल्यावर जुन्या कंपनीतून असं पत्र मिळवताना नाकी नऊ येतात.

नावाचं एक लफडं आहे. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नसतं. ताईंच्या बाबतीत माहेर-सासरच्या आडनावाचा गोंधळ वेगळाच. केंद्रावर फोटो आणि सही दोन्ही असलेलं सरकारी ओळखपत्र मागतात, आणि आधारवर सही नसते. पासपोर्ट सगळ्यात निर्धोक. त्यावर जसं आहे तसंच नाव नोंदणीत टाका.

फी डॉलरमध्ये जाते. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतील तर बँकेच्या ॲपवरून आधी चालू करा, नाहीतर शेवटच्या तारखेला पेमेंट अडकतं.

एसजेआय_वाले
एससीपीची परीक्षा नीट समजून घ्या. एकूण १३४ प्रश्न: ८० ज्ञानाचे, ५४ प्रसंगाधारित. यातले २४ फक्त चाचणीसाठी असतात, त्यांचे गुण धरत नाहीत. पण ते कोणते हे कळत नाही. वेळ ३ तास ४० मिनिटं, दोन समान भागांत. म्हणजे ६७ प्रश्नांना ११० मिनिटं, आणि पहिला भाग सबमिट केला की त्यात परत जाता येत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

वेळेचं गणित असं ठेवा: एका भागात ज्ञानाचे ४०, त्यांना प्रत्येकी १ मिनिट. उरलेली ७० मिनिटं २७ प्रसंगांना, म्हणजे प्रत्येकी साधारण अडीच मिनिटं. प्रसंगांचे उतारे लांब असतात आणि पेपर इंग्रजीत. आयआरमध्ये ज्यांची वर्षं मराठी-हिंदीत गेली त्यांचा वाचनाचा वेग इथे कमी पडतो. ज्ञान कमी नसतं.

आता प्रसंगाचा नमुना बघा (हा मी रचलाय, परीक्षेतला नाही). दोन प्लँटचं विलीनीकरण झालंय, एका प्लँटचे सुपरवायझर नवी मूल्यमापन पद्धत मानत नाहीत. पर्याय: अ) नोटीस काढून मुदत द्या. ब) प्लँट हेडला विचारून ते सांगतील तसं करा. क) विरोध नेमका कशाला आहे याची माहिती गोळा करून, दोन्ही प्लँटच्या प्रमुखांना सोबत घेऊन अंमलबजावणीचा आराखडा दुरुस्त करा. ड) त्या प्लँटपुरती जुनी पद्धत चालू ठेवा.

आपल्याकडची सवय ‘ब’कडे ओढते, आयआरचा माणूस ‘अ’कडे जातो. एससीपीत बहुधा ‘क’ धाटणीचं उत्तर बरोबर: आधी माहिती, मग संबंधितांना सोबत घेणं, आणि निर्णयाची जबाबदारी एचआरने स्वतः उचलणं. चारही पर्याय थोडेफार बरोबर वाटतात. त्यातला सगळ्यात परिणामकारक निवडायचा असतो. सीपी (एसएचआरएमचंच खालच्या पातळीचं सर्टिफिकेशन) आणि एससीपीतला फरकही इथेच आहे. सीपीचा उमेदवार धोरण राबवतो, एससीपीचा ते ठरवतो.

अभ्यासाचा पाया एसएचआरएमची बास्क नावाची चौकट. ती त्यांच्या साइटवर फुकट मिळते. आधी ती छापून घ्या, मग क्लासचं बघू. अमेरिकन कायद्याचा भाग बाहेरच्या उमेदवारांना विचारत नाहीत, तेवढी पानं वगळा.

जालना_स्टील_एचआर
एससीपीची परीक्षा ठरलेल्या मुदतीत, म्हणजे ‘खिडकी’तच देता येते: १ मे ते १५ जुलै किंवा १ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. आपल्याकडे मे-जूनमध्ये वादळ-पावसाने लाइट जाते, घरून ऑनलाइन देणाऱ्याने याचा विचार करावा. इन्व्हर्टरवर राउटर चालतो हो, पण नेट वरूनच गेलं तर काय? डिसेंबरची खिडकी आणि केंद्रावरची जागा, हेच बरं.

कलम_४९
सगळे परदेशी सर्टिफिकेटवर बोलताय म्हणून आठवण देतो. कल्याण अधिकाऱ्याच्या (कारखान्यात कामगारांच्या कल्याणाचं बघणाऱ्याच्या) वैधानिक, म्हणजे कायद्याने नेमावंच लागणाऱ्या पदाला यातलं काहीच चालत नाही. महाराष्ट्रात १९६६ च्या कल्याण अधिकारी नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविकाच लागते. कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये ५०० कामगारांची अट होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती २५० वर आली. म्हणजे मधल्या आकाराच्या कारखान्यांतही हे पद आलं. विचारणाऱ्यांकडे एमएसडब्ल्यू आहे, ती बाजू भक्कम. फक्त एमबीए असलेल्यांनी एससीपीवर पैसे घालण्याआधी पाहावं, की पुढची जागा वैधानिक आहे की कॉर्पोरेट.

टाइमऑफिस_वाळूज
कामाचं सांगितलंत सगळ्यांनी. मग एससीपी, डिसेंबरची खिडकी, केंद्रावर जाऊन. एकच शंका: मिळाल्यावर टिकवायला काय लागतं?

शेंद्रा_पीपल
एससीपीला तीन वर्षांत ६० पीडीसी (व्यावसायिक शिक्षणाची क्रेडिट), नाहीतर परत परीक्षा. एसपीएचआरआयलाही ६० क्रेडिट आहेत, पण त्यातले १५ व्यवसायविषयक लागतात. वेबिनारवर बरेच भागतात. व्याख्यान दिलं किंवा कंपनीत मोठा प्रकल्प केला तर त्याचेही मिळतात. प्रत्येक कार्यक्रमाचा पुरावा त्याच दिवशी फोल्डरला टाका. एससीपीची मुदत निकालाच्या तारखेवर मोजू नका, ती तुमच्या जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते.